बारा कोंबड्यांचा वॉर्ड

मेश्राम सिस्टर नवीन माणसाला नाव विचारत नसत. "जन्म कुठला?" एवढंच विचारत. समोरचा पस्तिशीच्या आतला असला आणि त्याने सरकारी दवाखान्याचं नाव घेतलं, की त्याचं संपलं. त्या क्षणापासून तो "तू" होई, मग तो पोलीस असो की बँकेचा मॅनेजर. सिस्टरांनी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती आणि अर्धं नागपूर आपल्या हातून जगात आलं अशी त्यांची समजूत होती. बाकी राहिलेलं अर्धं त्यांच्या हातून आलं असतं तर जरा वळणावर असतं, असंही त्या म्हणत.

कामठी रोडवरच्या आमच्या कॉलनीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. बुटक्या, चालायला तुरतुरीत, साडी घोट्याच्या वर, पायात रबरी तळाच्या पांढऱ्या चपला. त्या चपलांचा आवाज होत नसे. त्यामुळे सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्याचं कळेपर्यंत आपण जे करू नये ते करताना सापडलेलो असू. कुणाच्याही घरी गेल्या की बसण्याआधी खिडकी उघडत. त्यांचे यजमान हयात होते तेव्हा तेही त्यांना सिस्टरच म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

माझी आई आणि सिस्टर एकमेकींशी बोलत नव्हत्या. आठ वर्षं. कारण माझी मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी माझी बायको सिस्टरांच्या वॉर्डात होती. बाळंतिणीला शेक मिळालाच पाहिजे म्हणून आईने घरून घमेल्यात निखारे घेतले, वर ओवा टाकला, ते शालीखाली झाकलं आणि ऑटोने थेट वॉर्डात आणलं. शेजारीण म्हणून सिस्टर काणाडोळा करतील असा तिचा हिशोब होता. सिस्टरांनी अख्ख्या वॉर्डासमोर घमेलं उचललं, व्हरांड्यात नेलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं. "बाळंतिणीले धूर चालत नाही. खिडकी उघडा," एवढंच म्हणाल्या. तो फस्स आवाज आईच्या कानातून पुढे आठ वर्षं गेला नाही. भाजीची वाटी इकडून तिकडे जायची, पण ती माझ्या हातून, आणि निरोपही माझ्याच तोंडून.

तर अशा या सिस्टर रिटायर झाल्या आणि त्यांना करायला काही उरलं नाही. कॉलनीला त्याची धास्तीच होती. त्यांनी महिनाभर आमच्या खिडक्या उघडून पाहिल्या. मग दिवाळीनंतर त्या सावनेरकडच्या एका गावी भाचीच्या मुलाच्या नामकरणाला गेल्या आणि येताना बारा कोंबड्या घेऊन आल्या.

गावाबाहेर एक पोल्ट्री बंद पडली होती. मालक निघून गेला होता, अंड्यावरून उतरलेल्या, म्हणजे अंडी द्यायच्या थांबलेल्या, कोंबड्या ट्रकने नेल्या होत्या, पण कोपऱ्यातल्या पिंजऱ्यांतल्या बारा न्यायच्या राहून गेल्या होत्या. पाण्याची नळी कोरडी. पाठीवर पिसं नाहीत, तुरे फिकट, नखं वाढून तारेला वेटोळे घातलेली. राखणदार म्हणाला, घेऊन जा बाई, कोणी विचारत नाही. सिस्टरांनी नामकरणाला नेलेल्या दोन नव्या चादरी भाचीकडून परत मागून घेतल्या, त्यांचे तुकडे फाडून एकेक कोंबडी गुंडाळली आणि दोन टोपल्या घेऊन एसटीत चढल्या.

कंडक्टर म्हणाला, "बाई, कोंबड्या मागं डिक्कीत टाका."

"ऑपरेशनचे पेशंट डिक्कीत टाकतेत का गा?" सिस्टर म्हणाल्या. मग त्याच्याकडे निरखून बघत, "जन्म कुठला?"

त्याने दवाखान्याचं नाव सांगितलं. हे पुढे त्यांनीच मला रंगवून सांगितलं. "म्या म्हटलं, तुझं वजन कमी होतं जन्माले. अजून बी कमीच आहे. सरक तिकडं." कंडक्टरने आपली सीट दिली. नागपूर येईपर्यंत तो दारात उभा होता.

त्या संध्याकाळी मी गांधीबागेतून, म्हणजे कापडाच्या ज्या दुकानात मी गिऱ्हाइकांना थान उलगडून दाखवतो तिथून, घरी आलो तर भिंतीपलीकडे कोंबड्यांची कुरकुर चाललेली. मी डोकावलो. खरं सांगतो, मनात पहिला विचार रश्श्याचा आला. नागपूरचा माणूस बारा कोंबड्या एकत्र बघतो तेव्हा त्याला दुसरं काय सुचणार.

"सिस्टर, एवढ्या? सावजी रस्सा..."

"पेशंटसमोर नाही," सिस्टर म्हणाल्या.

हे वाक्य पुढे सगळ्या कॉलनीला पाठ झालं. त्यांच्या अंगणात कुणी मसाला, तंदूर, अगदी पातेलं एवढा शब्द जरी काढला तरी बोट वर व्हायचं. मी अजूनही सावजी खातो, खोटं कशाला बोलू. पण खाल्लेल्या दिवशी त्यांच्या फाटकासमोरून जायचं मी टाळत असे.

मागच्या पत्र्याच्या खोलीत वॉर्ड उघडला. दारावर पाटी लागली: भेटण्याची वेळ चार ते सहा. खिळ्याला रजिस्टर टांगलं. प्रत्येकीच्या पायात रंगीत दोरा आणि नंबर. मी विचारलं, नावं का नाही ठेवत? माझ्या मुलीने तर बारा नावं काढूनही ठेवली होती. सिस्टर म्हणाल्या, "नाव ठेवलं का नर्सचा हात थरथरते, विजू. नंबरच बरा." रोज सकाळी राउंड. एक नंबर, डोळा बरा. चार नंबर, खाऊन नाही राहिली. सात नंबर, आगाऊ. हे सगळं तारीख घालून लिहिलं जाई.

कोंबड्यांना काहीच येत नव्हतं. जन्मभर तारेवर उभ्या राहिलेल्या, त्यांना जमीन ठाऊक नव्हती. गोणपाटावर ठेवलं की तिथेच, बाजूला ऊन पडलेलं असलं तरी तिथेच. सिस्टर त्यांना ऑपरेशन झालेल्या बाईसारखं चालवत. उचलायचं, उन्हात दोन हात पुढे ठेवायचं, पाच मिनिटं घड्याळ बघायचं, परत आणायचं. "चालवलं नाही तर आतडी सुस्त होतात," त्या सांगत. सात नंबर ही पहिली, जी आपणहून सावलीतून उन्हात गेली. गेली, थांबली, आणि एक पंख लांब करून आडवी पडली. सिस्टर धावत गेल्या, त्यांना वाटलं मेली. ती ऊन खात होती. त्या दिवशी सिस्टरांनी रजिस्टरात काय लिहिलं ते मी चोरून वाचलं: सात नंबर, आराम.

मग कॉलनीची मीटिंग झाली. वास येतो, रोग येतो, पहाटे आवाज येतो. (या कोंबड्या पहाटे काहीच बोलत नसत, पण तक्रार लिहायला घेतली की माणूस थांबत नाही.) सेक्रेटरी वऱ्हाडपांडेसाहेब. जन्मभर सरकारी ऑडिटात. ते कागदावर नसलेलं काही मानत नसत आणि कागदावर असलेलं काही सोडत नसत. सिस्टर उठल्या आणि कुणी मागितलं नसताना स्वतःच अट घालून बसल्या.

"होळीपर्यंत थंडी आहे. होळीपर्यंत माह्या हातून एक जरी दगावली, तर बाकीच्या मीच नेऊन देतो."

नेऊन देतो म्हणजे कुठे, हे सगळ्यांना माहीत होतं. अंडी न देणाऱ्या, हाडं वर आलेल्या कोंबड्या खाटकाशिवाय कोण घेतो? वऱ्हाडपांडेसाहेबांनी ठराव लिहिला: होळीच्या आदल्या दिवशी पाहणी करण्यात येईल व त्या वेळी मेश्राम सिस्टर यांच्या आवारात बारा कोंबड्या जिवंत आढळल्या पाहिजेत. सिस्टरांनी खाली सही केली. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "एवढा तोरा बरा नाही." पण त्या रात्री जेवताना तिने तीनदा विचारलं, थंडी किती पडणार म्हणतात यंदा.

पडली. नागपूरची थंडी तशी पाहुणी, पण चार दिवस आली तरी हाडात शिरते, आणि या बिचाऱ्यांच्या तर पाठी उघड्या. सिस्टरांनी माझ्याकडून दुकानातल्या गाठींची गोणपाटं मागवली. दार, खिडकी, पत्र्याखालची फट, सगळं गोणपाट आणि प्लास्टिकने बंद केलं. तेवढ्यानेही त्यांचं समाधान होईना. आणि मग सिस्टरांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं.

एका सकाळी आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती. ती एकदम थांबली. नाक वर केलं. "ओवा," ती म्हणाली. "कोण बाळंत झालं वं इथं?"

वास भिंतीपलीकडून येत होता. आईने स्टूल आणलं, वर चढली आणि पाहिलं. पत्र्याच्या खोलीच्या उरल्यासुरल्या फटींतून निळा धूर. खिडकीच्या प्लास्टिकमधून आत दिसत होतं लोखंडी घमेलं, घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा. कडेला बारा कोंबड्या, आणि मध्ये सिस्टर, पदराने डोळे पुसत बसलेल्या. जन्मभर अंडी देऊन थकलेल्या या बाया, म्हणजे बाळंतिणीच ना! ज्या बाईने हजार सासवांची घमेली विझवली, तिच्या मनात खोल कुठेतरी तिच्या आईची शेगडी पेटतीच होती. आणि वारा लागू नये म्हणून खिडकी बंद.

माझी आई आठ वर्षांनी त्या फाटकातून आत गेली. मी मागोमाग. मला वाटलं आता कॉलनी बघेल असं भांडण होणार, आणि मला त्याची थोडी उत्सुकताही होती. आईने पदर हाताला गुंडाळला, घमेलं उचललं, अंगणात नेलं आणि नळाखाली धरलं. फस्स. मग परत येऊन तिने खिडकीवरचं प्लास्टिक ओढून काढलं.

"बाळंतिणीले धूर चालत नाही, सिस्टर," आई म्हणाली.

आठ वर्षं जपून ठेवलेलं वाक्य होतं ते. पण ते म्हणताना आईचा आवाज तिला हवा तसा लागला नाही. कारण सिस्टर तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या सात नंबरकडे बघत होत्या. सात नंबर चोच उघडी टाकून, मान लांब करून श्वास घेत होती.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मले माहीत होतं. काहून केलं म्या असं?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं सगळ्यांना दम देणारी बाई एका कोंबडीसमोर गुन्हेगारासारखी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

सात नंबर तिसऱ्या दिवशी गेली. तीन दिवस सिस्टरांनी तिला अंगणात हवेशीर, मांडीवर धरलं होतं, आणि आई जवळ बसून ड्रॉपरने पाणी देत होती. दोघी तीन दिवसांत किती बोलल्या असतील? फार नाही. "थोडं द्या." "घेतलं नाही." एवढंच. रजिस्टरात सिस्टरांनी लिहिलं: सात नंबर, मृत्यू. कारण: धूर. जबाबदार: ड्यूटीवरील सिस्टर. मग सही केली.

उरलेल्या अकरा जणींच्याही डोळ्यांतून पाणी येतच होतं. वारा अंगाला लागू नये आणि हवा तर आत खेळली पाहिजे, हे कसं जमवायचं? उत्तर आमच्या गॅलरीत पडलं होतं. आई म्हणाली, "कूलर." नागपुरात माणसाकडे एक वेळ पलंग नसेल, कूलर असतो, आणि थंडीत तो रिकामा गंजत असतो. पंखा आणि मोटर काढली की उरते जाळीदार भिंतींची लोखंडी खोली. खालच्या टाकीत वीतभर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलं, जाळीच्या खालच्या अर्ध्या भागाला गोणपाट शिवलं, वरचा भाग उघडा ठेवला. वारा वरून जातो, खाली ऊब राहते. आईने कॉलनी पालथी घातली. आठवड्याभरात सिस्टरांच्या खोलीत पाच कूलर ओळीने उभे राहिले, पाच बेड असावेत तसे. त्यातला एक पोपटी रंगाचा वऱ्हाडपांडेसाहेबांचा होता. तो आईने वहिनींकडून मागून आणला. साहेबांना विचारायचं दोघींनाही सुचलं नाही.

पण अकरा म्हणजे बारा नव्हे. होळी जवळ आली तसं मला दिसत होतं की सिस्टर रोज एकेकीला जास्त वेळ उन्हात धरून बसतात. आणि पाहणीच्या चार दिवस आधी माझी आई, जी कोंबडीला हात लावत नसे, कामठीच्या बाजारातून पिशवीत एक कोंबडी घेऊन आली. गावरान. तांबडी भडक, शेपटीला काळं, आणि आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडे कळावं. बाकीच्या अकरा पांढऱ्या.

"पांढरी नाही भेटली," आई मला म्हणाली आणि तिने ती भिंतीवरून पलीकडे सोडली.

"ही कोण?" सिस्टर.

"बारावी."

"बारावी गेली, बाई."

"आली परत."

"रंग बदलून?"

"आजारातून उठलं का रंग बदलतेच माणसाचा," आई म्हणाली.

सिस्टरांनी तिला हाकललं नाही. "पेशंट नाही ही, व्हिजिटर आहे," असं म्हणून त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. सहा वाजले, भेटण्याची वेळ संपली, व्हिजिटर जाईना. उलट ती उडी मारून कूलरवरच्या बांबूवर जाऊन बसली. अकरा जणी माना वर करून बघत राहिल्या. बांबूवर बसतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी चार नंबर वर होती. तिसऱ्या संध्याकाळी सहा जणी. रजिस्टरात नवीन ओळ आली: तेरा नंबर, प्रकृती उत्तम, शिस्त नाही.

पाहणीच्या सकाळी वऱ्हाडपांडेसाहेब ठरावाची फाईल घेऊन आले. चष्मा लावून त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "बारा," ते म्हणाले आणि पेन काढलं.

"साहेब, अकरा," सिस्टर म्हणाल्या.

आईने कपाळाला हात लावला.

"ही तांबडी माही नाही. सात नंबर जानेवारीत गेली. धुरानं. धूर म्या केला होता. लिहून घ्या." सिस्टर ताठ उभ्या होत्या, हात मागे बांधलेले. "बाकीच्या कधी नेऊन देऊ तेवढं सांगा."

मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी ठराव वाचला. मग त्यांची नजर फिरत फिरत पोपटी कूलरवर गेली आणि तिथेच थांबली. तो रंग त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता. आतून दोन नंबर त्यांच्याकडे बघत होती.

"ठरावात 'बारा कोंबड्या' असं आहे," साहेब सावकाश म्हणाले. "कोणत्या, ते नाही. रंगाचाही उल्लेख नाही. आवारात बारा जिवंत आढळल्या. विषय संपला."

"साहेब, पण मी सांगून राहिली ना..."

"तोंडी निवेदन आम्ही नोंदवत नसतो, सिस्टर." मग आईकडे वळून, "हा कूलर?"

"वहिनींनी दिला. उन्हाळ्यात परत पाहिजे का?"

साहेबांनी आत एकदा वाकून पाहिलं. दोन नंबरने त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला चोच मारली. "जुनाच होता," ते म्हणाले आणि सही करून निघून गेले.

सिस्टर मात्र खूश नव्हत्या. बाकी कॉलनीने तो दिवस साजरा केला, माझ्या आईने तर पुरणपोळ्या केल्या आणि पहिल्यांदाच वाटी माझ्या हाती न देता स्वतः घेऊन गेली. सिस्टर तिला म्हणाल्या, "साहेबांनी सोडलं म्हणून मी सुटली का वं?" आई म्हणाली, "खा आता." त्यानंतर दोघी रोज चार ते सहा अंगणात बसत आणि माझी टपाल्याची नोकरी सुटली.

आणखी दोन थंड्या त्या वॉर्डाने काढल्या. मग सिस्टरांचे गुडघे गेले, आणि भिलाईला राहणारी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. आदल्या दिवशीपर्यंत कॉलनीत चर्चा होती की कोंबड्यांचं काय. ते आधीच ठरलेलं होतं, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी गाडी फाटकाशी उभी होती. मुलगी घाई करत होती. सिस्टर पांढऱ्या चपला घालून, काठी टेकत वॉर्डात गेल्या आणि आईला समोर उभं केलं. रजिस्टर उघडलं. दवाखान्यात पाळी बदलताना करतात तशी त्यांनी ड्यूटी द्यायला सुरुवात केली. एक नंबर, डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजवीकडून जाय. दोन नंबर, चोच मारते, पण मनाची वाईट नाही. चार नंबर, गूळ कमी दे. एकेक कोंबडी उचलून आईच्या हातात, आईची सही, पुढची. माझी आई, जिला कुणी कधी काही शिकवू शकलं नव्हतं, ती मान हलवत एकेका ओळीवर सही करत होती. तेरा नंबर झाली. सिस्टरांनी रजिस्टर मिटलं.

"सात नंबरवर सही राहिली ना वं," आई म्हणाली.

सिस्टरांनी रजिस्टर तिच्या काखेत नीट ठेवलं. "नाही राहिली," त्या म्हणाल्या. "तिची ड्यूटी मी कोणाले देत नाही."

मग त्या गाडीकडे गेल्या आणि बसण्याआधी त्यांनी मुलीला काच खाली करायला लावली.